सिकलसेलचा क्रायसिस: घरच्या पहिल्या गोळीपासून कॅज्युअल्टीपर्यंत

सिकलसेल या जन्मजात रक्तविकारात अचानक उठणाऱ्या दुखण्याच्या झटक्याला क्रायसिस म्हणतात. या दुखण्याचं मोजमाप करणारी एकही रक्ततपासणी नाही. हिमोग्लोबिन नेहमीइतकंच असतं, एक्स-रे स्वच्छ येतो, नाडी आणि रक्तदाबही ठीक असू शकतात, आणि तरीही माणूस हाडात सुरी फिरल्यासारखा कळवळत असतो. तो जे सांगतो तेच मोजमाप. हे घरच्यांनी, शेजारच्या डॉक्टरांनी आणि कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरांनी मान्य केलं की पुढची प्रत्येक पायरी सोपी होते. मान्य केलं नाही तर औषध उशिरा मिळतं, आणि उशिरा मिळालेलं औषध कमी पडतं.

हा लेख एसएस पॅटर्नच्या (आई आणि वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेल्या) आणि सिकल-बीटा थॅलेसेमियाच्या (एकाकडून सिकलचं, दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं जनुक आलेल्या) रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी आहे. एएस म्हणजे वाहक, एकाच पालकाकडून सिकलचं जनुक आलेले. त्यांना सहसा असे झटके येत नाहीत, त्यामुळे एएस रिपोर्ट असलेल्या माणसाचं अंग वारंवार दुखत असेल तर दुसरं कारण शोधायला हवं. पॅटर्नचीच खात्री नसेल तर नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर थांबू नका, कारण ती सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते, एएस आणि एसएस यांत फरक करत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करून घ्या. मुंबईत या आजाराच्या निदानाचं जुनं केंद्र म्हणजे परळला केईएमच्या आवारातली एनआयआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी) ही संस्था.

आत नेमकं काय होतं

तांबड्या पेशीतलं सदोष हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखं लांबट होतं. पेशी ताठर होते, विळ्याच्या आकाराची होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हाडातल्या मज्जेला याचा सगळ्यात जास्त फटका बसतो, म्हणून पाठ, मांड्या, नडग्या, दंड आणि बरगड्या दुखतात. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळात हातापायांचे पंजे सुजतात आणि बाळ हात लावू देत नाही. अनेक घरांत पहिला क्रायसिस याच रूपात येतो आणि 'पडलं असेल कुठंतरी' म्हणून सोडून दिला जातो.

शरीरातलं पाणी कमी झालं की पेशीतलं सदोष हिमोग्लोबिन दाट होतं. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात. ताप, संसर्ग, अतिश्रम, जागरण, दारू आणि मासिक पाळी ही बाकीची नेहमीची कारणं. बऱ्याचदा कारण सापडतच नाही. अशा वेळी 'तूच काहीतरी केलं असशील' असं रुग्णाला ऐकवू नये.

आधीची तयारी: एक कागद, एक डबा

दुखणं नसताना, ओपीडीच्या भेटीत, डॉक्टरांकडून एक पानाचा कागद लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवा. त्यावर पॅटर्न, वजन, रक्तगट, एरवीचं हिमोग्लोबिन आणि एरवीची ऑक्सिजन पातळी असावी. सध्याची औषधं, कशाची अ‍ॅलर्जी आहे, पूर्वी छातीचा त्रास, पक्षाघात किंवा आयसीयू झालं होतं का, हेही असावं. सगळ्यात महत्त्वाची ओळ: मागच्या क्रायसिसला कोणतं वेदनाशामक, किती डोसमध्ये लागू पडलं. एरवीचे आकडे का हवेत? एखाद्या रुग्णाचं हिमोग्लोबिन कायमच ८ असतं. कागद नसेल तर रात्रीच्या डॉक्टरांना ते नव्याने घसरलेलं वाटतं आणि रक्त चढवायची घाई होते. उलट एरवी ९ असलेल्याचं ६ झालं असेल तर ते लगेच कळायला हवं.

कागदाची एक प्रत फाइलमध्ये, एक पाकिटात आणि फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. सिकलसेलचे रुग्ण विदर्भात, नंदुरबार-धुळ्यात, पालघरच्या पाड्यांवर जास्त आहेत. मुंबईच्या कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरांनी असा रुग्ण क्वचितच पाहिलेला असू शकतो, आणि त्यांच्यासाठी हा कागद दहा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांपेक्षा उपयोगी पडतो.

डब्यात काय: थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी चालेल म्हटलं असेल तर आयबुप्रोफेन, ओआरएसची पाकिटं, गरम पाण्याची पिशवी, वही आणि पेन. ओआरएसचं पाकीट नीट वाचा. मोठं एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. मोठं पाकीट एका पेल्यात कालवण्याची चूक घरोघरी होते.

पहिले दोन तास

दुखणं सुरू झाल्यावर 'बघू थोडा वेळ' म्हणून वाट पाहू नका.

पहिलं काम म्हणजे ताप मोजणं, तेही गोळी देण्याआधी. पॅरासिटामॉलने ताप उतरतो आणि मग धोक्याची खूण झाकली जाते. ताप १०१ अंश फॅरेनहाइटच्या वर असेल तर घरी थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. या आजारात प्लीहेचं (डाव्या बरगडीखालच्या, जंतूंशी लढणाऱ्या अवयवाचं) काम बिघडलेलं असतं आणि जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो.

मग ऑक्सिजन पातळी पाहा आणि वहीत वेळ लिहून दुखण्याला शून्य ते दहा यांतला आकडा द्या. लहान मुलाला आकडा सांगता येत नाही. त्याला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवा, किंवा 'शाळेत पाय दुखला होता तेवढं, की त्याहून जास्त?' असं विचारा. एक प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारा: हे दुखणं नेहमीसारखं आहे का? 'नेहमीसारखं नाही' हे उत्तर आलं तर आकडा कमी असला तरी डॉक्टरांना दाखवा.

आता औषध. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: किलोमागे १५ मिलीग्रॅम, दर सहा तासांनी, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आपल्याकडे अनेक मोठ्या रुग्णांचंही वजन चाळीस-पंचेचाळीस किलो असतं. चाळीस किलोला हिशोब ६०० मिलीग्रॅमचा येतो, म्हणजे ५०० ची एक गोळी ठीक, १००० मिलीग्रॅम जास्त. पन्नास किलोच्या वर ६५० ते १००० मिलीग्रॅम चालतं. यकृताचा त्रास असेल किंवा कावीळ नेहमीपेक्षा वाढली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुलांच्या सिरपमध्ये घोळ होतो, कारण दुकानात वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या असतात. कुठे ५ मिलीमध्ये १२० मिलीग्रॅम, कुठे ५ मिलीमध्ये २५०, आणि बाळांच्या थेंबांमध्ये तर १ मिलीमध्येच १००. वीस किलोच्या मुलाला ३०० मिलीग्रॅम हवं. ते २५० च्या सिरपचं ६ मिली होतं आणि १२० च्या सिरपचं साडेबारा मिली. 'दोन चमचे' हे माप विसरा. बाटलीवरची ताकद वाचा आणि सिरिंजने मोजा.

पॅरासिटामॉल एकटं पुरलं नाही तर त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन: मोठ्यांना ४०० मिलीग्रॅम, मुलांना किलोमागे ५ ते १० मिलीग्रॅम, दर आठ तासांनी, पोटात काहीतरी असताना. मूत्रपिंडाचा विकार, पोटात अल्सर, गरोदरपण, वेदनाशामकाने उठणारा दमा किंवा उलट्यांमुळे सुकलेलं शरीर यांपैकी काहीही असेल तर हे औषध नको. डॉक्टरांना न विचारता तीन दिवसांच्या पुढे तर कुणालाच नको. सिकलसेलमध्ये मूत्रपिंड आधीच झिजत असतं, त्यावर आणखी भार नको.

मुंबईच्या पावसाळ्यात यात एक अट वाढते. जून ते ऑक्टोबरमध्ये ताप आणि अंगदुखी एकत्र आली तर डेंग्यूची तपासणी होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन काहीही घेऊ नका. प्लेटलेट कमी झाल्या असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर फक्त पॅरासिटामॉल. मलेरियाचा रिपोर्ट आला आणि प्रायमाक्विन लिहून दिलं तर त्याआधी जी-६-पीडी तपासणी झाली आहे का हे विचारा. त्या एन्झाइमची कमतरता असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात.

मेडिकलच्या काउंटरवर मिळणाऱ्या जोडगोळ्यांबाबत सावध राहा. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत ४०० मिलीग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असतं. तिच्यावर आणखी डोलो किंवा क्रोसिन घेतली की पॅरासिटामॉल दुप्पट होतं आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. पाकिटाच्या मागचे घटक वाचून मगच घ्या. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात बंदी आहे. जुन्या औषधांच्या डब्यात उरलेली बाटली असेल तर टाकून द्या.

गोळ्या घड्याळावर द्या, कळ उठेल तेव्हा नव्हे. पॅरासिटामॉल सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री १२. आयबुप्रोफेन सकाळी ७, दुपारी ३, रात्री ११. पहिले दीड-दोन दिवस हे वेळापत्रक पाळा. दुखणं पूर्ण उसळल्यावर दिलेली गोळी त्याला गाठू शकत नाही. ट्रामाडॉलसारखी जास्त ताकदीची गोळी डॉक्टरांनी घरी ठेवायला दिली असेल तर ती त्यांनी लिहिलेल्या आकड्याच्या पुढे नाही, फिट्स येणाऱ्यांना नाही, लहान मुलांना नाही.

सोबत शेक आणि पाणी. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. बर्फ कधीही नाही, सूज दिसली तरी नाही: गारव्याने रक्तवाहिनी आणखी आकसते. हलक्या हाताने तेल लावून चोळलेलं बऱ्याच जणांना बरं वाटतं. दुखऱ्या हाडावर जोर मात्र देऊ नका. मुलाला आवडती गोष्ट ऐकवा, कार्टून लावा. लक्ष दुसरीकडे गेलं की वेदना खरोखर कमी जाणवते.

पाण्याचा हिशोब असा. मूत्रपिंड किंवा हृदयाचं पथ्य नसेल तर मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे तीन लिटर. मुलांना पहिल्या दहा किलोंसाठी किलोमागे १०० मिली, पुढच्या दहासाठी ५०, त्यापुढे २०. म्हणजे वीस किलोच्या मुलाला दीड लिटर. यात ताक, लिंबू सरबत, पेज, डाळीचं पाणी, ओआरएस सगळं धरायचं. लघवीचा रंग बघून 'पाणी पुरतंय' असं ठरवू नका. या आजारात मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही, त्यामुळे शरीर सुकलेलं असतानाही ती फिकट दिसते, आणि काविळीमुळे पाणी पुरेसं असूनही गडद दिसते. बाटलीवर खुणा करून मोजा. याच कारणाने या मुलांना अंथरुणात लघवी होते. त्यासाठी रात्रीचं पाणी तोडू नका आणि मुलाला रागावूही नका.

या खुणा दिसल्या तर घर सोडा

गोळ्या, शेक, पाणी सगळं करूनही दोन तासांत दुखणं सातच्या खाली येत नसेल तर निघा. पुढच्या खुणांना मात्र दोन तासही थांबू नका (फक्त लिंगाच्या ताठरपणाची वेळ त्याच ओळीत वेगळी दिली आहे):

- छातीत दुखणं, खोकला, धाप, किंवा ऑक्सिजन ९५ च्या खाली, किंवा एरवीच्या पातळीहून स्पष्ट कमी
- तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं, फिट, अचानक भयंकर डोकेदुखी किंवा दिसेनासं होणं
- मूल एकाएकी पांढरंफटक, गळून गेलेलं, डाव्या बरगडीखाली पोट फुगलेलं
- लिंगाचा ताठरपणा न उतरणं. चार तासांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत, म्हणून दोन तास झाले की घर सोडा
- एकच सांधा किंवा हाड लाल, गरम, सुजलेलं आणि सोबत ताप
- गरोदरपणातलं कोणतंही मोठं दुखणं
- पाणीही पोटात न टिकणं

पोट फुगण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. प्लीहेत अचानक रक्त साठलं तर हिमोग्लोबिन काही तासांत कोसळतं. आपल्याकडच्या रुग्णांत प्लीहा मोठेपणीही वाढलेली राहते, त्यामुळे हा धोका केवळ तान्ह्या बाळांपुरता नाही. प्लीहा हाताला कशी लागते आणि एरवी किती बोटं लागते, हे ओपीडीत डॉक्टरांकडून आईवडिलांनी शिकून घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे. लिंगाच्या ताठरपणाबद्दल वयात आलेली मुलं लाजेने बोलत नाहीत, त्यामुळे ही माहिती त्यांना आधीच, मोकळेपणाने द्या.

कुठे जायचं हे आधीच ठरलेलं असावं: दिवसा कुठे, रात्री कुठे. चोवीस तास रक्तपेढी आणि आयसीयू असलेलं, घरापासून खरोखर पोचता येणारं रुग्णालय निवडा. कल्याण, विरार किंवा बदलापूरहून गर्दीच्या वेळी केईएम, सायन किंवा नायर गाठण्याचा अट्टाहास धोक्याच्या खुणा असताना करू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयात उपचार सुरू करा आणि तिथून हलवायचं का ते ठरवा. दुखणं सात-आठवर असताना लोकल, पूल आणि जिने नकोत. १०८ ला फोन करा किंवा गाडी करा. गाडीतला एसी बंद ठेवा, अंगावर शाल घाला.

कॅज्युअल्टीत

केसपेपर काढायला एकाने जावं, दुसऱ्याने रुग्णाजवळ थांबून कागद पुढे करावा. सांगायचं एवढंच: 'एसएस पॅटर्न आहे, क्रायसिस आहे, इतक्या वाजता सुरू झाला, ही औषधं या वेळी दिली, दुखणं दहापैकी नऊ, ताप इतका, छातीत दुखत नाही.' अर्ध्या मिनिटात सगळं कळतं.

रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात, शक्य तर अर्ध्या तासातच, वेदनाशामक मिळायला हवं आणि मग दर अर्ध्या-एका तासाने दुखणं पुन्हा मोजून डोस ठरायला हवा. तीव्र दुखण्यात ते औषध बहुधा मॉर्फिन असतं, शिरेतून, किलोमागे साधारण ०.१ मिलीग्रॅमने सुरुवात. 'सवय लागेल' ही भीती घरच्यांना असते, डॉक्टरांनाही असते. खऱ्या तीव्र वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरावीक दिवस दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची शक्यता कमी असते. घड्याळाकडे बघत पुढचा डोस मागणारा रुग्ण नशेकरता मागत नाही. औषधाचा असर संपलेला असतो. नातेवाइकांनी लक्ष ठेवायचं ते गुंगीवर. रुग्ण हाका मारूनही नीट जागा होत नसेल किंवा श्वास मंदावला असेल तर लगेच नर्सला बोलवा. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, तेव्हा पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सुरू आहे का ते विचारा. पेथिडिन हे वेदनाशामक या आजारात टाळतात, त्याने फिट येऊ शकते.

गल्लीतल्या दवाखान्यात मिळणाऱ्या कमरेतल्या इंजेक्शनांनी फार नुकसान केलं आहे. त्यात अनेकदा स्टिरॉइड असतं. दोन दिवस छान वाटतं आणि मग दुखणं दुप्पट जोराने उलटतं. कोणतंही इंजेक्शन घेण्याआधी त्याचं नाव विचारा आणि वहीत लिहा.

सलाईन आणि रक्त या दोन गोष्टींचा आग्रह नातेवाईक सगळ्यात जास्त धरतात. रुग्ण तोंडाने पीत असेल तर सलाईन लागत नाही. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर पाणी फुप्फुसात उतरतं. आणि निव्वळ दुखण्यासाठी रक्त चढवत नाहीत. छातीचा त्रास, पक्षाघात, प्लीहेत रक्त साठणं किंवा हिमोग्लोबिन एरवीपेक्षा बरंच घसरणं अशा कारणांसाठी ते देतात. गरज नसताना हिमोग्लोबिन १० च्या वर नेलं तर रक्त घट्ट होऊन अडथळा वाढतो. शिवाय प्रत्येक पिशवीबरोबर लोह साठतं आणि पुढे जुळणारं रक्त मिळणं अवघड होतं. ऑक्सिजनही पातळी ९५ च्या खाली असेल तरच लागतो.

दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळजी वाढवा. बरगड्या आणि पाठ दुखत असल्याने रुग्ण वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि तिथूनच छातीचा गंभीर त्रास सुरू होतो. बरं वाटू लागलेलं असतानाच हे घडतं. उपाय अगदी साधा आहे: तीन चेंडूंचा स्पायरोमीटर (श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचं साधन), जागेपणी दर दोन तासांनी दहा खोल श्वास. हे करवून घेणं सोबत बसलेल्या नातेवाइकाचं काम. नर्सकडे तेवढा वेळ नसतो. मॉर्फिनचा असर असतानाच करा, म्हणजे श्वास पूर्ण घेता येतो.

घरी परतल्यावर आणि एरवी

क्रायसिस साधारण पाच-सात दिवस चालतो. घरी आल्यावर आणखी दोन-तीन दिवस गोळ्या वेळेवर चालू ठेवा, मग एकेक डोस कमी करा. आठवड्याभरात ओपीडीला दाखवा. मांडीच्या सांध्यातली कळ आठवडे टिकली, चालताना वाढत गेली, तर तो क्रायसिस नसून खुब्याचं हाड झिजत असू शकतं. त्यासाठी एमआरआय लागतो, नुसत्या गोळ्या घेत राहून चालत नाही.

वारंवार क्रायसिस येणाऱ्यांसाठी हायड्रॉक्सीयुरिया हे सगळ्यात उपयोगी औषध आहे. रोज घ्यायचं, डॉक्टर साधारण किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅमने सुरू करतात, ठरावीक अंतराने सीबीसी करून पेशींवर लक्ष ठेवतात. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. अनेक जण दुसऱ्या महिन्यात 'फरक नाही' म्हणून सोडतात, तिथेच घात होतो. ते क्रायसिस चालू असताना घेतलेलं वेदनाशामक नव्हे, पुढचे क्रायसिस कमी करणारं औषध आहे. मूल हवं असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधी काही महिने डॉक्टरांशी बोलून ते थांबवावं लागतं. फॉलिक अ‍ॅसिड रोज घ्या. लोहाच्या गोळ्या मात्र 'रक्त कमी आहे' म्हणून आपल्या मनाने नकोत. आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. पाच वर्षांखालील मुलांना पेनिसिलिन रोज दोनदा आणि न्यूमोकोकलसह सगळ्या लसी.

मुंबईतल्या दिवसाचंही थोडं नियोजन लागतं. स्टेशनवर स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली आणि बायका पुष्कळ आहेत, आणि संध्याकाळी त्यांचे पाय दुखू लागतात. कामाच्या जागी सोय कुठे आहे ते पाहून पाण्याच्या वेळा ठरवा, पण पाणी तोडू नका. पावसात भिजून एसी लोकलमध्ये किंवा एसी ऑफिसात बसणं हा गारठ्याचा सगळ्यात वाईट प्रकार. पिशवीत कोरडा टीशर्ट, मोजे आणि पातळ जॅकेट ठेवा. शाळेला पत्र द्या: बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला कधीही सोडावं, पीटीच्या तासाला दमल्यावर थांबू द्यावं, शिक्षा म्हणून पळवू नये. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या यूडीआयडी पोर्टलवर अर्ज करा आणि वैद्यकीय मंडळाकडे जाताना एचपीएलसीचा रिपोर्ट आणि दाखल झाल्याची सगळी डिस्चार्ज कार्डं तारखेनुसार लावून न्या. प्रत्येक डिस्चार्जच्या वेळी कार्डावर 'सिकलसेल क्रायसिस' असं स्पष्ट लिहिलं आहे का ते तपासा. नुसतं 'अंगदुखी' किंवा 'अ‍ॅनिमिया' लिहिलेलं कार्ड मंडळापुढे उपयोगी पडत नाही, म्हणून वॉर्ड सोडण्याआधीच दुरुस्त करून घ्या.